डावा खांब

ता. ४ जानेवारी १९७९

श्री. चिटणीस, फुटबॉल संघटना, यांना

नमस्कार. तिकडे सगळे बरे असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. उपचार संपला, आता कामाचं लिहितो.

संघटनेच्या पन्नाशीच्या पुस्तकासाठी आपण लिहिलेलं प्रकरण मिळालं. पाकीट आमच्याच टपाल कचेरीतून माझ्या टेबलावर आलं. त्यावर तिकीट कमी होतं, आपल्या शिपायाला जरा समज द्या. सोबतच्या छापील चिठ्ठीत म्हटलंय की काही दुरुस्ती असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. दुरुस्ती आहे. एकच आहे.

पान एक्केचाळीस, खालून सहावी ओळ: ‘गोलरक्षक भेदरला आणि जागचा हलला नाही.’

यातलं ‘जागचा हलला नाही’ राहू द्या. साठ हजार माणसांनी ते पाहिलंय, मी नाकारून काय होणार? पण ‘भेदरला’ हा शब्द काढून टाका. तो खोटा आहे, आणि खोटा आहे हे निदान तुम्हाला तरी माहीत असायला हवं. माझ्या पुढ्यात बॅक म्हणून तुम्ही इतकी वर्षं खेळलात. माझं तोंड तुम्ही कमी पाहिलं असेल, पण माझा आवाज रोज ऐकलात. भेदरलेल्या माणसाचा आवाज तसा असतो का?

आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील. हातमोजे नव्हते. चेंडू कातडी, वर लेस बांधलेली, आणि पाऊस प्याला की दगडासारखा जड. समोरच्या फॉरवर्डने गोलीला खांद्याने ढकलून चेंडूसकट जाळीत घातलं, तरी पंच हसून शिट्टी वाजवायचा आणि गोल द्यायचा. बदली खेळाडू ही चीजच नव्हती. पाय मोडला तर मोडक्या पायाने उभं राहा, नाहीतर दहा जणांत खेळा. बर्फावरच्या त्या सामन्यात तिसाव्या मिनिटाला माझं बोट उलटं झालं होतं, आठवतं? ते सरळ करून शेजारच्या बोटाला तुम्हीच बांधलंत, स्वतःच्या बुटाची लेस काढून. मग तुमचा बूट सैल झाला म्हणून मलाच शिव्या घातल्यात. त्या सामन्यात एकही गोल गेला नाही. त्याची नोंद तुमच्या प्रकरणात दिसली नाही.

सव्वीस आंतरराष्ट्रीय सामने खेळलो मी. पंचवीस चांगले, एक वाईट. तुमच्या प्रकरणात पंचविसांना दोन ओळी आणि एकाला अडीच पानं.

त्या एकाने माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो. चष्मेवाल्या बातमीदाराने ‘पुतळा’ असा मथळा दिला, आणि मग माझं तेच नाव पडलं. परत कामावर रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी पार्सलच्या खिडकीवर एकाने मला एक खोकं दिलं. वर पत्ता होता, ‘पुतळासाहेब यांस’. मागे आठ-दहा जण तोंड दाबून उभे. मी खोकं तराजूवर ठेवलं, वजन केलं आणि म्हणालो, “सुतळी नीट बांधलेली नाही. असं घेता येणार नाही. बांधून आणा.” गेला बिचारा बांधायला. परत आला नाही. पण मी त्याच खिडकीवर उभा राहिलो. दुसऱ्या विभागात बदली घ्या असं सगळे सांगत होते, मी घेतली नाही. आज बावीस वर्षांनी त्या विभागाचा मुख्य आहे. घाबरणारा माणूस हे करतो का?

आणि हा शब्द त्या वेळी पहिल्यांदा कोणी वापरला, तेही मी विसरलेलो नाही. परदेशातून बोटीने परतल्यावर बातमीदाराला तुम्ही बंदरावर सांगितलंत, “गोली घाबरला, दुसरं काय.” छापून आलं होतं. तेव्हा रागात बोललात असं मी समजलो. आता बावीस वर्षांनी, थंड डोक्याने, टंकलेखन करून पुन्हा तेच?

समितीच्या चौकशीबद्दल आपण एक वाक्य लिहिलंय. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

घरी सगळ्यांना आठवण सांगावी. सगळ्यांना म्हणजे धाकटीला. ती माझी सख्खी बहीण आहे, हे तुमच्या घरात अजून चालत असेल तर.

आपला,
सव्वीस सामन्यांचा गोलरक्षक



ता. २१ जानेवारी १९७९

कप्तान,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. शेकत जा. माझं म्हणशील तर खांदा सोडून सगळं जागेवर आहे.

आता ‘तुम्ही-आपण’ पुरे. मागचं पत्र लिहिताना माझी पंचाईत झाली, अहो-जाहो करत भांडता येत नाही. तुझी वहिनी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “हे भांडण आहे की अर्ज?” तेव्हा आता सरळ लिहितो.

तू दोन प्रश्न विचारले आहेस. पहिला असा, की ‘मी तीनदा ओरडलो, डावीकडे, डावीकडे म्हणून. चेंडू सरपटत आला, शाळेतल्या पोराने अडवला असता. घाबरला नव्हतास तर मग हलला का नाहीस?’

दिसला नाही म्हणून.

लिहिलं एकदाचं. बावीस वर्षं हे तीन शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. आता पूर्ण ऐक, आणि मध्ये उठून फेऱ्या मारू नकोस.

त्या सामन्याच्या तीन वर्षं आधीचा ऑगस्ट आठव. सरावाचा सामना होता. तू बॅक असून हौसेने पुढे धावत आला होतास, मी तुझ्या पायांवर झेप घेतली आणि तुझा बूट माझ्या डाव्या भुवईवर बसला. पाच टाके पडले. दवाखान्याच्या बोळात तू हातात बूट धरून अनवाणी बसला होतास, जणू त्या बुटांनाच शिक्षा करायला आणलं होतंस. बाहेर आल्यावर मी तुला म्हणालो, “पाच टाके फक्त. तुझ्या लाथेत काही दम नाही.” तू इतका हसलास की नर्स ओरडली.

तीन आठवड्यांनी त्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं. खालून वर, हळूहळू. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच गेलो. ते म्हणाले, आतला पडदा फाटलाय, उशीर झालाय, आता काही होण्यासारखं नाही. उजव्याला जपा, खेळ बंद करा. मी म्हणालो, बरं. दाराबाहेर पडलो आणि सरळ सरावाला गेलो.

त्या दिवशी माझ्याकडून सात गोल गेले. तू म्हणालास, “काय रे, रात्री झोपला नव्हतास का?”

तर कप्तान, डोळा तुझ्या बुटाने गेला. हे मी तुला आरोप म्हणून लिहीत नाही. चेंडू तुझ्या पायात होता आणि उडी मी मारली. ते माझं काम होतं आणि पुन्हा मारीन. पण तुला सांगितलं असतं तर तू सरळ प्रशिक्षकांकडे गेला असतास, मी ओळखतो तुला. आणि मग माझी जर्सी गेली असती. तुझं मन राखायला मी गप्प बसलो असा मोठेपणा मला चिकटवू नकोस. मला खेळायचं होतं. बस्स.

फक्त एकाच माणसाला सांगितलं. धाकटीला.

तेव्हा तुमचं लग्न व्हायचं होतं. ती एकोणीस वर्षांची. मी तिला आमच्या मागच्या अंगणात नेलं, दोरीवरचे कपडे काढले आणि म्हणालो, चेंडू मार, आणि कुठे मारणार ते सांगू नकोस. पहिले दोन आठवडे मी भिंतीवर आपटत होतो. एका डोळ्याला चेंडू लहान-मोठा होताना दिसतो, पण किती लांब आहे ते कळत नाही. मग मी चेंडू पाहणं सोडलं आणि पाय पाहायला लागलो. मारणाऱ्याचा टेकलेला पाय जिकडे वळतो तिकडे चेंडू जातो. उंची सावलीवरून कळते. वेग आवाजावरून. सकाळी कामावर जायच्या आधी दोनशे, संध्याकाळी आल्यावर दोनशे. धाकटीच्या अंगठ्याची नखं काळी पडली. आई विचारायची, ही पोरगी लंगडते का? ती सांगायची, नवीन चपला चावतात.

पाच महिन्यांनी मी तुमच्या सगळ्यांसमोर पुन्हा गोलात उभा राहिलो आणि कुणालाही काही कळलं नाही. संघाच्या डॉक्टरने अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, तेव्हा मी आधी डाव्या हाताने डावा डोळा झाकला आणि मग उजवा हात नाकावरून आडवा नेऊन पुन्हा डावाच झाकला. त्याने लिहिलं, ‘दोन्ही उत्तम.’ त्या माणसाला डॉक्टर कोणी केलं देव जाणे!

आणि कॉर्नर आला की मी तुला दर वेळी डाव्या खांबाशी उभं करायचो. तू कटकट करायचास, “मी काय खुंटी आहे का?” तू माझा डावा डोळा होतास, कप्तान. तीन वर्षं. पगार न देता.

सतरा सामने खेळलो मी तसा. सव्वीसपैकी सतरा. त्यातल्या सात सामन्यांत एकही गोल नाही. तीन पेनल्टी, दोन अडवल्या. या देशात त्या तीन वर्षांत माझ्यापेक्षा चांगला गोली नव्हता, आणि तो एका डोळ्याने खेळत होता. घे लिहून.

शेवटच्या सामन्यात काय झालं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. पाऊस होता, गोलासमोर नुसता चिखलाचा राबडा. ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला, मी चेंडूला मूठ मारली आणि त्यांच्या दांडग्या फॉरवर्डसकट खाली पडलो. उठलो तेव्हा उजव्या डोळ्यात चिखल भरला होता. दोन डोळ्यांचा माणूस एक पुसतो आणि दुसऱ्याने पाहतो. मी पुसत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. चेंडू पुन्हा आत आला. तुझा आवाज मी ऐकला. डावीकडे, डावीकडे. पण किती डावीकडे, वर की खाली, आत्ता की अजून वेळ आहे? चुकीच्या बाजूला उडी मारण्यापेक्षा मी उभा राहिलो, अंगावर येईल या आशेने. नाही आला.

याला भेदरणं म्हणतात का? सांग तूच.

झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याबद्दल पुन्हा केव्हातरी. समितीची गोष्ट वेगळी होती आणि तिला फार दिवस झाले.

धाकटीवर चिडू नकोस. तिला मी शपथ घातली होती. आई गेली तेव्हा तू फाटकापर्यंत आलास आणि तिथूनच परत गेलास, तेव्हाही ती बोलली नाही. त्या दिवशी ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मला अजून दिसते. पण शपथ शपथ असते.

‘भेदरला’ काढ.

तुझा,
पार्सल

(हे माझं संघातलं नाव होतं, आठवत असेल तर. पार्सलवाला गोली, आलेला माल आत पोचू देत नाही म्हणून.)



ता. ५ फेब्रुवारी १९७९

कप्तान,

पत्राला उशीर झाला. प्रकृतीचं विचारू नकोस, मीही तुझी विचारत नाही. गेले आठ दिवस मी हे पत्र रोज लिहायला बसतो आणि रोज उठतो. आज कचेरीतून रजा काढली आहे.

धाकटी मागच्या रविवारी सकाळी इथे आली. तुला माहीत आहेच, तूच गाडीत बसवून दिलंस. तू नव्याने लिहिलेलं प्रकरण तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “वाच. मी इथेच बसते.” तुझी वहिनी चहा घेऊन आली तर तिने नको म्हटलं. माझ्या बहिणीने चहाला नको म्हटलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी वाचलं. सुरुवातीला मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. ‘भेदरला’ गेलेला. सतरा सामने आलेले. अंगण आलं, तक्ता आला, धाकटीची नखंसुद्धा. तुझ्या बुटाचंही तू स्वतःहून लिहिलंस. मी दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचलं.

मग शेवटचं पान. तू लिहिलंयस: ‘त्या क्षणी मी डावा खांब सोडून पुढे गेलो. गोलरक्षकाने मला जा म्हटल्याचं मला आठवत होतं आणि समितीपुढे मी तसं सांगितलंही. पण गोंगाटात मी चुकीचं ऐकलं असावं. ज्याची नजर गेली होती तो माणूस मला जा कसं म्हणेल? तेव्हा तो गोल माझा आहे. त्याच्यावर मी बावीस वर्षं अन्याय केला.’

मी कागद खाली ठेवला. धाकटी माझ्याकडेच पाहत होती.

“दादा, खरं सांग. तू यांना जा म्हणाला होतास का?”

“इतक्या वर्षांनी कोणाला आठवतंय,” मी म्हणालो.

“तुला आठवतंय. तुला प्रत्येक सामन्याचं प्रत्येक मिनिट आठवतं. तू मला अजून माझ्या चुकलेल्या लाथा मोजून दाखवतोस.”

मी कागदांच्या कडा जुळवत बसलो.

“बावीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “हे जेवता जेवता मध्येच थांबतात आणि मला विचारतात, काय गं, मी चुकीचं ऐकलं असेन का? मुलांच्या परीक्षा असोत, घरात पाहुणे असोत. एकदा तर दाढी करताना अर्धा गाल तसाच ठेवून बाहेर आले, ‘तो जा म्हणाला की थांब म्हणाला असेल?’ मी काय सांगणार? मला तू डोळ्याचं सांगितलंस, तेवढं मी पोटात ठेवलं. पण समितीच्या खोलीत बसून तू त्या तिघांना काय सांगितलंस, ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

“मला वाटलं माझा भाऊ खरं बोलला असेल,” ती म्हणाली. “म्हणजे नवराच कुठेतरी चुकतोय. असं समजून मी संसार केला.”

तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “सांगा आता.” म्हणजे तिने कधीचंच ओळखलं होतं. मी त्या दोघींना सांगितलं. आता तुला सांगतो. तुझा दुसरा प्रश्न हाच होता आणि तो मी मागच्या पत्रात चलाखीने गुंडाळून ठेवला.

तू चुकीचं ऐकलं नाहीस.

मी मूठ मारून खाली पडलो आणि उठून डोळा चोळत होतो. तू खांबाशीच होतास. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि विचारलंस, “चिखल गेला का? दिसतंय ना? थांबू का मी इथे?” अगदी हेच शब्द. ‘थांब’ म्हटलं असतं तर तू थांबला असतास आणि तो सरपटता चेंडू तुझ्या पायाला लागून बाहेर गेला असता. पण ‘थांब’ म्हणायचं म्हणजे मला दिसत नाही हे सांगायचं. एका डोळ्यात चिखल गेल्यावर दुसऱ्याने का दिसत नाही, हे तू विचारलं असतंस. मी म्हणालो, “दिसतंय. जा तू. जा पुढे!” आणि तू गेलास, कारण तीन वर्षांत मी तुला चुकीचं कधी सांगितलं नव्हतं.

हा पहिला खोटेपणा. तो चिखलात उभं राहून, दोन सेकंदांत केलेला. त्याची मला फारशी लाज नाही. गोली लोक सामन्यात खोटं बोलतातच.

दुसरा मात्र विचार करून केला.

परत आल्यावर नवव्या दिवशी संघटनेच्या माडीवर समिती बसली. लांब टेबल, तीन जण, मध्ये अध्यक्षसाहेब, पेन्सिलीला टोक काढत बसलेले. आधी तू आत गेलास. मी बाहेर बाकावर. तू बाहेर आलास आणि माझ्याकडे बघून मान हलवलीस, म्हणजे सांगितलंय सगळं, काळजी करू नको. मग मी आत गेलो. अध्यक्षसाहेब म्हणाले, “कप्तान म्हणतात, तुम्ही त्यांना खांब सोडून जायला सांगितलंत. खरं का?”

बाहेर बाकावर बसल्या बसल्या माझं उत्तर तयार होतं, कप्तान. ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, का सांगितलंत. मग चिखल, मग डोळा, मग तपासणी. आणि मला वाटत होतं की माझा एक वाईट सामना ते विसरतील आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा गोलात असेन. म्हणून मी म्हणालो, “असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.” अध्यक्षसाहेबांनी लिहून घेतलं. पेन्सिल थांबलीसुद्धा नाही.

तुझं कप्तानपद गेलं, संघातली जागा गेली, आणि वर खोटारडा हा शिक्का. मला तर त्यांनी पुढच्या वर्षी विचारलंच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी तुला विकलं ते मला मिळालंही नाही. बंदरावर तू मला घाबरट म्हणालास ते त्याआधी. ते रागाचं होतं आणि मीही दोन दिवसांत विसरलो असतो. पण मला ते उपयोगी पडलं. बावीस वर्षं मी जगाला सांगत फिरलो की मेहुण्याने मला घाबरट म्हटलं. तू घाबरट म्हणालास म्हणून मी रुसलो असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

यासाठी मी तुझी माफी मागतो. एकदाच मागतो, गुडघ्यावर बसून मागत नाही, आणि देणं न देणं तुझ्याकडे.

आता पुस्तकाचं. मी आता तुझ्या चिटणीसपणालाही जुमानणार नाही. तुझं नवीन प्रकरण मी फाडलं. घाबरू नकोस, धाकटीला विचारूनच फाडलं. अर्धं तिने फाडलं.

डोळ्याबद्दल एक अक्षर छापायचं नाही. छापलंस तर काय होईल ते मला दिसतंय. शाळेची पोरं रांगेने येतील, कोणीतरी शाल आणील, ‘एकाक्ष वीर’ म्हणून भाषणं होतील आणि बायका डोळे पुसतील. मग तो गोल माझ्या डोळ्यावर ढकलला जाईल, आणि डोळा बिचारा निर्दोष आहे. त्या डोळ्याविना मी सोळा सामने उभा राहिलो. सतराव्यात गोल गेला तो मी खोटं बोललो म्हणून. मला कोणाची कीव नको. शिव्या चालतील, त्या बावीस वर्षं पचवल्या आहेत. कीव मला पचणार नाही.

तेव्हा शेवटच्या परिच्छेदात हे वाक्य घाल. मी शब्द न् शब्द तोलून लिहिलंय, एक काना इकडचा तिकडे करू नकोस:

‘गोलरक्षकाने कप्तानाला डावा खांब सोडून जायला सांगितलं. नंतर समितीपुढे त्याने ते नाकारलं. तो खोटं बोलला. कप्तान खरं बोलत होता.’

खाली माझी सही छाप. मी तीन कोऱ्या कागदांवर सही करून सोबत पाठवतोय, एखादी नीट उठली नाही तर दुसरी घे. तुझ्या संघटनेतले लोक म्हणतील की जुनं उकरू नका, अध्यक्षसाहेब आता हयात नाहीत, पुस्तकाचा रंग बिघडेल. त्यांना माझ्याकडे पाठव. मुख्य झालो तरी पार्सलच्या खिडकीवर मी अकरा ते पाच उभा असतो.

तू म्हणशील, हे छापून तुझं नाव आणखी जाईल. जाऊ दे. आता कोणी खोकं घेऊन आलं तर त्याचं वजन करून ठेवून घेईन, कारण या वेळी ते माझंच असेल. पण एवढं लक्षात ठेव, कप्तान, की मला पुन्हा तो ऑगस्ट दिला आणि तोच डोळा गेला, तर मी पुन्हा तक्त्यासमोर डावाच झाकीन. पुन्हा अंगणात जाईन. पुन्हा सतरा सामने खेळीन. त्याचा मला एक कणभर पश्चात्ताप नाही आणि कोणी तो माझ्याकडून वदवून घेऊ नये. फक्त त्या माडीवर, त्या खुर्चीत, मी ‘हो’ म्हणेन.

धाकटी उद्या सकाळच्या गाडीने निघतेय. पत्र टपालात टाकणार नाही, तिच्याच हाती देतो. ते तुझ्या हातात पडलं की ती तिथे उभी राहील, तू वाचून संपवेपर्यंत. तिने मला तसं बजावलंय. वाचून झालं की तिला एकदा मोठ्याने सांग की तू बरोबर ऐकलं होतंस. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आणि आज जेवायला बस, ते शेवटपर्यंत जेव.

तुझ्या पाठीमागे उभा होतो,
आणि तुला जा म्हणालो होतो,
तो मी.